तुडतुड्याला नाव ठेवताना : कीटकशास्त्राच्या विभागप्रमुखांना खुले पत्र

राज्यातील कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांच्या कीटकशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

तीन वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमारास पदव्युत्तर वर्गातला एक मुलगा माझ्या घरी आला. हातात काचेची कुपी, कुपीत अल्कोहोल आणि त्यात एक तुडतुडा. एकच. रत्नागिरीकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, गवतात जाळी फिरवताना मिळालेला. अंग हिरवट, डोक्यावर केशरी पट्टा. असा पट्टा त्याने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. 'बाई, नवीन प्रजाती आहे,' तो म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. बातमीचे कात्रण होते. त्याच्या महाविद्यालयाने वर्तमानपत्राला कळवूनही टाकले होते : 'कोकणात तुडतुड्याच्या नव्या प्रजातीचा शोध.' बातमीत त्याचे नाव होते, मार्गदर्शकांचे होते, प्राचार्यांचे तर होतेच. तुडतुड्याचे मात्र नव्हते.

मी कुपीतला किडा बशीत काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली उलटा केला. मादी होती.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मादी आहे म्हणजे नेमके काय बिघडले, हे त्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते. चूक त्या मुलाची नाही, हे मी त्याच दिवशी स्वतःशी म्हणाले. ती आपली आहे, माझ्यासकट. तीस वर्षे मी हाच विषय शिकवला आणि त्या तीस वर्षांत नाव कसे ठेवतात यासाठी वर्गात दिलेले तास बोटांवर मोजता येतील. म्हणून हे पत्र.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत 'तुडतुडा' हा शब्द फार झकास आहे. तुडतुडीत माणूस जसा एका जागी ठरत नाही, तसा हा किडा. पान हलवले की तिरका चालतो नाहीतर टुणकन उडतो. पण शेतात हा शब्द सैल वापरला जातो. भंडारा-गोंदियाकडे धानावर मावा-तुडतुडा आला म्हणतात, तेव्हा बहुतेकदा ते तपकिरी तुडतुडे असतात, आणि ते वेगळ्याच कुळातले. त्यांच्या मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला एक हलणारी आर असते. खरा तुडतुडा, म्हणजे सिकॅडेलिडी कुळातला, त्याच्या त्याच नळीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. एवढे पाहायला दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंगही पुरते. शेतकऱ्याने दोघांना एकच नाव दिले तर बिघडत नाही. आपल्या प्रबंधांतही ते एकाच नावाने येतात, तेव्हा बिघडते.

या एका कुळात आजवर वीस हजारांहून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत. तीन-चार मिलिमीटरचा हिरवा किडा हातात आला की तो या वीस हजारांतला कोणता, हे रंगावरून कळत नाही. रंग वयाप्रमाणे बदलतो, हंगामाप्रमाणे बदलतो, अल्कोहोलात तर चार दिवसांत उडतोच. भरवशाची खूण असते ती नराच्या पोटाच्या टोकाशी, समागमाच्या अवयवांत. हे वर्गात सांगताना मुले खाली मान घालून हसतात, दरवर्षी. हसू द्यावे आणि पुढे शिकवावे. नराचे पोट अलगद सुटे करायचे, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायचे, आतले मांस विरघळून गेले की पाण्यात धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचे. मग सुईने फिरवत पाहायचे : एडीगसचा, म्हणजे नराच्या जननेंद्रियाचा, दांडा सरळ आहे की वाकडा, टोकाला काटे किती, ते वर वळतात की खाली, शेजारच्या दोन काडीसारख्या अवयवांचा (स्टाइल) आकार कसा. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान वस्तूवर दोन-दोन दिवस जातात. मान आखडते. काम झाल्यावर ते पोट फेकायचे नाही. ग्लिसरिन भरलेल्या इवल्याशा कुपीत घालून किड्याच्याच टाचणीला खाली खोचायचे. पुढे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याला तेच पोट पाहता आले पाहिजे.

मादीला असे ठळक वेगळेपण फारसे नसते. दोन जवळच्या प्रजातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर अनुभवी माणूसही गप्प बसतो. डीएनएच्या ६५८ अक्षरांच्या पट्टीने मादी तिच्या नराशी जुळवता येते, पण त्यासाठी जुळवायला नर तरी हवा ना. त्या मुलाच्या कुपीत तो नव्हता.

तुम्ही म्हणाल, इतका कीस कशाला काढायचा? मोहोराच्या दिवसांत आंबा बागायतदार तुम्हाला विचारतो काय मारू, आणि तुम्ही औषध सांगता. मग किड्याला नाव कुठले का असेना. हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेला आहे, तोही विभागाच्या बैठकीत, चहा पिता पिता. त्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नव्हते, ते आता देते.

आंब्याचाच दाखला घ्या. कोकणात ढगाळ हवा आली, मोहोरावर तुडतुडे वाढले, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरली की आपण 'खार पडली' म्हणतो. बागायतदाराच्या लेखी तुडतुडा एकच. पण आंब्यावर एक तुडतुडा नाहीच. इडिओस्कोपस क्लायपिॲलिस आहे, इडिओस्कोपस निटिड्युलस आहे, ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनी आहे. हेमसिंग प्रुथी यांनी १९३० साली नाव दिलेला इडिओस्कोपस नागपुरेन्सिस आहे, आणि संत्र्याच्या नागपूरचे नाव आंब्याच्या किड्याला मिळाले याची मला दरवेळी गंमत वाटते. यांतले काही मोहोरावर गर्दी करतात, तर ॲटकिन्सोनी खोडाच्या सालीवर बरेच दिवस काढतो. फवारा मोहोरावर मारायचा की खोडावरही, हे किडा कोण आहे यावर ठरते. आणि तुमच्या विभागातल्या एखाद्या प्रबंधात 'आंब्यावरील तुडतुड्यांवर अमुक औषधाचा परिणाम' असे शीर्षक असेल, तर त्या तक्त्यांतल्या आकड्यांत यांतले कोण किती होते, हे आज कुणीही सांगू शकत नाही. नमुने ठेवलेलेच नाहीत.

कापसाची गोष्ट उलट बाजूची आहे. तैवानमध्ये कापसावरच्या एका हिरव्या तुडतुड्याचे वर्णन इशिदा यांनी १९१३ साली केले, पंखांवरच्या दोन ठिपक्यांवरून नाव बिगुट्टुला. पाच वर्षांनी, १९१८ साली, लंडनमध्ये डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत कापसावरच्या भारतीय तुडतुड्याला डेव्हास्टान्स असे नाव दिले. किडा तोच होता. पण पुढची कित्येक दशके आपल्याकडचे संशोधन डेव्हास्टान्स या नावाखाली आणि पूर्वेकडचे बिगुट्टुला या नावाखाली साठत गेले. एकाच माणसाची दोन रेशनकार्डे असावीत तसे. आज त्याला अम्रास्का बिगुट्टुला म्हणतात, आणि विदर्भातला कापूसकरी पानामागे दोन-तीन तुडतुडे मोजून फवारणी ठरवतो तो हाच. बीटी कापसातल्या विषाचा परिणाम रस शोषणाऱ्या किडीवर होत नाही, त्यामुळे २००२ नंतर बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या तरी तुडतुड्याच्या राहिल्याच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. तिथे फक्त तुडतुड्याचीच फवारणी चालली होती असे मी म्हणत नाही. पाठीवर पंप घेऊन माणूस कशावर औषध मारतो आहे, ते त्याला नेमके सांगता यावे, एवढेच म्हणते.

हाच किडा २०२३ साली पोर्तो रिकोत आणि २०२४ साली अमेरिकेच्या फ्लोरिडात सापडला, मग आणखी राज्यांत. तिथे हिरवे तुडतुडे पूर्वीपासून भरपूर आहेत. एम्पोआस्का जीनसचे (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) तुडतुडे तर शेतातच असतात. लांबून पाहिले तर सगळे एकसारखे. तिथल्या लोकांना हा पाहुणा कोण ते सांगता आले, कारण कुणीतरी कधीतरी त्याच्या नराची आकृती नीट काढून ठेवली होती.

भाताच्या हिरव्या तुडतुड्यांचे तेच. टुंग्रो हा भाताचा विषाणुजन्य रोग पसरवण्यात नेफोटेटिक्स विरेसेन्स सर्वांत पटाईत. त्याच्यासारखाच दिसणारा नेफोटेटिक्स नायग्रोपिक्टस त्या कामात बराच कच्चा. जुन्या लेखांत या दोघांची नावे इतकी उलटसुलट झाली आहेत की कोणत्या लेखात कोण, याचा उलगडा व्हायला १९७१ साल उजाडले. घौरी यांनी मूळ नमुने काढून ती सगळी जीनस पुन्हा तपासली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मूळ नमुने. इथे थोडे थांबते, कारण घोडे इथेच पेंड खाते.

नव्या प्रजातीचे नाव एका विशिष्ट टाचणीवरच्या एका विशिष्ट किड्याला बांधलेले असते. त्याला होलोटाइप म्हणतात. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे २००० सालापासून असा मूळ नमुना स्पष्टपणे नेमल्याशिवाय नव्या प्रजातीचे नाव ग्राह्यच धरले जात नाही. वर्णन चुकले, आकृती बिघडली, तरी तो किडा शिल्लक असेल तर चूक दुरुस्त करता येते. डिस्टंट यांनी भारतातल्या शेकडो तुडतुड्यांना नावे दिली, पण वर्णने बहुतेक रंगाची आणि आकाराची. नराचे अवयव त्यांनी पाहिलेच नाहीत. म्हणजे सड्यावर मिळालेला किडा नवा आहे असे म्हणण्याआधी, तो डिस्टंट यांच्या एखाद्या जुन्या नावाचा मालक तर नाही ना, हे पाहावे लागते. त्यासाठी लंडनच्या संग्रहालयातली ती टाचणी कुणीतरी बघायला हवी. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात बसून चं. अ. विरक्तमठ यांनी हे काम आयुष्यभर केले. भारतातल्या तुडतुड्यांवर आज कुणी चार ओळी लिहितो, तो त्यांच्या आकृत्या उघडल्याशिवाय लिहीत नाही. असा माणूस आपल्या राज्यात का झाला नाही, याचा विचार करते तेव्हा मला ती चहाची बैठक आठवते.

आणि एक कपाट आठवते. मी नोकरीला लागले त्या महाविद्यालयात आधीच्या पिढीने जमवलेला कीटकसंग्रह होता, सागवानी पेट्यांत. जागा कमी पडते म्हणून तो जिन्याखाली हलवला गेला. डांबराच्या गोळ्यांसाठी वर्षाला शे-दोनशे रुपये लागत. ते कोणत्या खात्यातून द्यायचे, यावर फाइल फिरत राहिली. काही पावसाळ्यांनंतर पेटी उघडली तेव्हा आत टाचण्या होत्या, लेबले होती आणि तपकिरी भुकटी होती. संग्रहालयातले भुंगेरे बाकीच्या किड्यांना खाऊन गेले होते. लेबलांवरचे अक्षर मात्र सुंदर होते, काळ्या शाईतले. गाव, तारीख, कोणत्या झाडावर.

आपल्या कायद्यात याची सोय आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमलेल्या संस्थेला कळवायची असते आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे; तिचे एक विभागीय केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला आहे. दिल्लीत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेचा राष्ट्रीय कीटकसंग्रह आहे. मार्गदर्शकाच्या टेबलाच्या खणात ठेवलेला होलोटाइप हा कुणाचाच नसतो. मार्गदर्शक निवृत्त झाले की तो शिपायाच्या झाडूखाली जातो. अभयारण्यात जाळी फिरवायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, हेही मुलांना आधी सांगा. नंतर सांगितले तर उशीर झालेला असतो.

बातम्यांबद्दलही एक सांगायचे आहे. वर्णन छापून येण्याआधी नुसते नाव जाहीर केले, तर शास्त्रात त्याला 'नोमेन न्यूडम' म्हणतात. शब्दशः नागडे नाव. ते कुणाच्या उपयोगाचे नाही आणि पुढे गोंधळ घालते. प्रबंधात लिहिलेले नवे नावही सहसा ग्राह्य धरत नाहीत. ते रीतसर छापले गेले पाहिजे, आणि फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंद हवी. गंमत म्हणजे संहितेत वर्णनाच्या भाषेची सक्ती नाही. नाव रोमन लिपीत हवे, एवढेच. उद्या कुणी सड्यावरच्या तुडतुड्याचे वर्णन शुद्ध मराठीत छापले, तर जगाला ते मान्य करावे लागेल. शिफारस मात्र अशी की जगभर वाचल्या जाणाऱ्या भाषेत लिहावे, आणि ती शहाणपणाची आहे. तरी मनात हा विचार येऊन जातो खरा.

तर मागणे काय? तुडतुड्यांवर, किंवा कोणत्याही किडीवर, प्रबंध करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या प्रयोगातले दहा-वीस नमुने टाचून, लेबल लावून, क्रमांक देऊन संग्रहात जमा केल्याशिवाय त्याचा प्रबंध स्वीकारू नका. प्रबंधात ते क्रमांक छापा. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. गोळ्यांचे शे-दोनशे रुपये तेवढे लागतील. आणि एखादा मुलगा किंवा मुलगी 'मला वर्गीकरणावर काम करायचे आहे' म्हणाली, तर तिला 'नुसती नावे ठेवून काय मिळणार' असे म्हणून औषधांच्या चाचण्यांकडे वळवू नका. आपल्याकडे नावे ठेवणे याचा अर्थच दोष काढणे असा झाला आहे. निदान या खात्यात तरी तो मूळ अर्थाने चालू द्या. एका जीनसचा राज्यापुरता नीट आढावा, ही पीएच.डी. होऊ शकते. दोन वर्षांत नवी प्रजाती निघालीच पाहिजे, असा आग्रहही धरू नका. २०१२ साली पॅरिसच्या संग्रहालयातल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता : नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा होण्यापासून तिला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. आपल्या पदोन्नतीच्या तक्त्यात २१ वर्षांचा रकाना नाही, हे मला माहीत आहे. तक्ता तुम्ही बदलू शकता, किडा बदलणार नाही.

या कामात रुक्षपणा आहे असे वाटत असेल, तर मुलांना एकदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली तुडतुड्याची पाठ दाखवा. तो आपल्या अंगावर पायांनी एक भुकटी चोळून घेतो. ती भुकटी म्हणजे जाळीदार पोकळ गोळे, पंचकोन-षट्कोनांचे, फुटबॉलच्या शिवणीसारखे, इतके बारीक की साध्या भिंगाने दिसणारच नाहीत. त्यामुळे पाणी आणि त्याचा स्वतःचा चिकट स्राव अंगाला लागत नाही. आणि हे प्राणी एकमेकांशी बोलतातही, पण हवेतून नाही. नर पोट थरथरवतो, ती कंपने देठातून जातात आणि मादी त्याच देठातून उत्तर देते. स्वीडनच्या ओसियानिल्सन यांनी १९४९ साली हे दाखवून दिले. डोळ्यांना हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजातींची हाक वेगळी असू शकते. ज्या गवतावर आपण बसतो, त्यात हा सगळा गलका चालू असतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी तो त्याच सड्यावर गेला. निम्म्या जागेवर चिरेखाण सुरू झाली होती. उरलेल्या निम्म्यात भाद्रपदभर जाळी फिरवून त्याला तीन नर मिळाले, केशरी पट्टा असलेले. आम्ही दोघांनी ते उघडले. एडीगसच्या टोकाला दोन काटे, खाली वळलेले. उपलब्ध आकृत्यांत तसे कुठे नाहीत. पण डिस्टंट यांनी फक्त मादीवरून वर्णन केलेली एक जुनी प्रजाती रंगाने फार जवळची आहे. लंडनमधली ती टाचणी पाहिल्याशिवाय आम्ही काही बोलणार नाही. छायाचित्रांसाठी पत्र लिहिले आहे. तोवर ते तीन नर आणि ती मादी चार टाचण्यांवर माझ्याकडच्या पेटीत आहेत. निकाल लागला की आकुर्डीला जातील. महाविद्यालयातून त्याला विचारणा होत असते, नाव कधी जाहीर करायचे. 'अजून बारसे ठरले नाही' असे तो सांगतो.

माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, वेळ आहे आणि डोळे अजून चालतात. तुमच्या विद्यार्थ्यांना तुडतुडे ओळखायला अडचण आली तर खुशाल पाठवा. नर-मादी दोन्ही पाठवा, ९५ टक्के अल्कोहोलात. कुपीत लेबल घाला : गाव, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचे नाव. आणि ते पेन्सिलीने लिहायला सांगा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक निवृत्त प्राध्यापिका